वळवलेला रस्ता

मागच्या अंगणाच्या भिंतीवर पिंड ठेवून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवत नव्हता. शेजारच्या रिकाम्या घराच्या धुराड्यावर बसून तो भाताकडे बघायचा आणि मान फिरवायचा.

"आयर्लंडच्या कावळ्याला काय कळणार?" उदय म्हणाला.

"कावळ्याला सगळीकडे कळतं," गिरीशकाका म्हणाले. ते उदयच्या वडिलांचे मेडिकल कॉलेजपासूनचे मित्र. उदयच्या आईच्या, मधुमतीवहिनींच्या दहाव्यासाठी मुद्दाम कार्डिफहून आले होते. या गावात भटजी कुठला मिळायला? मंत्रही तेच म्हणत होते, आठवतील तसे. "वहिनींचं काहीतरी मनात राहिलंय. तू मुलगा आहेस. पुरं करीन म्हणून सांग."

उदयची बायको अलका स्वयंपाकघराच्या दारात शाल घट्ट ओढून उभी होती. सासूबाई हॉस्पिटलात गेल्या त्या दिवशीच तिनं हीटिंगचा बॉयलर बंद केला होता. घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता.

आईच्या मनात काय राहिलं असणार, याचा उदयला विचार करावा लागला नाही. घर.

उत्तर आयर्लंडमधल्या या लहानशा शहरात उदयच्या वडिलांनी, डॉक्टर शशिधरांनी हे घर घेतलं. 'इथून आता माझं प्रेतच निघेल,' असं ते ऐटीत सांगत. चौऱ्याऐंशी साली ते निघालं. पुढच्याच वर्षी नवा रिंगरोड नेमका या घरांवरून न्यायचं ठरलं. उदय तेव्हा शहराच्या प्लॅनिंग ऑफिसात नुकता लागला होता. त्यानं जंग जंग पछाडलं, वरिष्ठांशी वाकडं घेतलं आणि रस्ता वळवून दाखवला. तो समोरच्या ओळीवरून गेला, आणि समोरच्या मिसेस मॅकॅन गावाबाहेरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. ही बातमी सांगितली तेव्हा आई ओट्याला धरून कितीतरी वेळ रडली. आईला आनंदानं रडताना उदयनं पहिल्यांदाच पाहिलं.

घर तिनं जिवापाड सांभाळलं. वडिलांच्या वरच्या खोलीतली एक वस्तू हलू दिली नाही. शेवटच्या आजारपणात चहा हवा असला की ते काठीनं जमिनीवर तीनदा ठोकत. ते गेल्यावरही वर ठक ठक ठक झालं, की आई हातातलं टाकून चहा ठेवायची. हीटिंगचे जुने पाइप तापले की वाजतातच, असं उदयनं तिला समजावलं होतं. "हो रे," ती म्हणाली, आणि कप वर नेऊन ठेवला.

ती स्वतः मात्र खाली सोफ्यावर झोपायची. जिना चढवत नाही, म्हणायची. भरलेली बॅग कायम दाराशी असायची. कौन्सिलची माणसं कधी येतील, काय नेम? दर आठवड्याला बसनं मिसेस मॅकॅनकडे जायची आणि परत आली की घरासमोरच्या स्टॉपवरच बसून राहायची, पाऊस असला तरी, उदय ऑफिसातून येईपर्यंत. मुलावर किती जीव, असं लोक म्हणत. उदयला ते ऐकून बरं वाटायचं.

लग्नानंतर अलकानं तिला आपल्याकडे राहायला बोलावलं. आईनं छताकडे पाहिलं. "यांना विचारायला हवं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला. "नको म्हणाले."

आता या ओळीच्या जागी नवं बसस्टेशन व्हायचं होतं. बाकीची घरं रिकामी झाली होती. अडलं होतं ते एवढ्या एका घरावर. 'बसस्टेशनचं काय झालं रे?' आई रोज विचारायची. 'मी होऊ देणार नाही,' उदय रोज सांगायचा. 'बरं,' एवढंच ती म्हणायची. आणि आता साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं: सोमवारपर्यंत घर सोड, नाहीतर नोकरी.

उदयनं हात जोडले. "आई, तुझा घर मी पाडू देणार नाही. माझा जॉब गेला तरी."

अलकानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. कावळा उडाला आणि पलीकडच्या धुराड्यावर जाऊन बसला.

"बाबांची खोली पण तशीच ठेवीन. प्रॉमिस."

कावळा आणखी लांब, रस्त्याच्या दिव्यावर गेला.

"पुरे आता," काका हळूच म्हणाले. "दर्भाचा कावळा करू या. चालतं तसं."

"नाही." उदयचा आवाज फाटला. इतकी वर्षं तो या घरासाठी भांडला होता, आणि आई त्याच्या हातचा भातही घेत नव्हती. त्याला रडू आवरेना. "मग काय पाहिजे तुला? पाडू? ठीक आहे, पाडतो. मंडेला साइन करतो. सगळा पाडतो, बाबांची खोली पण."

वर ठक ठक ठक झालं.

तिघांनीही माना वर केल्या. पुन्हा झालं, या वेळी जोरात.

उदयनं नजर खाली वळवली तेव्हा कावळा भिंतीवर येऊन घाईघाईनं भात खात होता.