दोन वॅट

कुनिहिकोच्या खोलीतला कर्णा उघड्या छत्रीएवढा होता आणि त्याला जोडलेला जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर अवघा दोन वॅटचा. "दोन वॅट पुरतात! गाणारीने घेतलेला श्वासही ऐकू येतो," असं तो येईल त्याला ऐकवायचा. पण असल्या हळव्या कर्ण्यातून बारीकशी घरघरही लपत नाही, आणि ती महिनाभर त्याचं डोकं खात होती.

रविवारी दुपारी त्याची बायको चिझुरु टोफू आणायला निघाली. "अहो, दम लागला की आई बटण दाबतील. परक्या बाईचा श्वास ऐकता ना, मग घरातली बेलही ऐका!"

ती जाताच तो घरातला एकेक प्लग उपटत सुटला. पॅसेजमधला उपटला आणि कर्णा एकदम स्वच्छ झाला. तो प्लग आईच्या बेलचा होता. 'एवढी एक रेकॉर्ड होऊ दे, मग लावू,' म्हणत तो डोळे मिटून बसला. मग रेकॉर्डची दुसरी बाजूही झाली.

चिझुरु परतली ती थेट आईच्या खोलीत गेली.

"अगं, घरघर थांबली!" तो इकडून आनंदाने ओरडला.

 

आईच्या अंगठ्याखाली दाबलेलं बटण सोडवत चिझुरु म्हणाली, "हो. इथलीही."