पाय उगवतीकडं

"बाई, डोकं कोन्या अंगाले घ्यायचं तेवढं सांगा," गोविंदा दारातूनच म्हणाला. "खड्डा कमरेएवढा झाला. खांद्याकडून रुंद करा लागते, मंग फिरवता येत नाही."

सुभद्राबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर काचेच्या बर्फपेटीत त्यांचे यजमान, गावातल्या चर्चचे पाळकसाहेब शंकरराव. आधी दवाखान्याच्या फेऱ्या, मग घरातलं अंथरूण. आता रडायलासुद्धा बाईंच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

"पाय उगवतीकडं," त्या म्हणाल्या. "सगळ्याइचे असतात तसे."

गोविंदा घुटमळला. जानेफळच्या या लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या कबरी तोच खोदायचा. स्वतः ख्रिस्ती नव्हता, पण रीत त्याला पाठ होती. मेलेल्याचे पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, मेलेले उठतील आणि पूर्वेकडून येणारा प्रभू त्यांना समोरच दिसेल. फक्त पाळक उलटा निजतो, पाय पश्चिमेला. उठल्याबरोबर त्याचं तोंड आपल्या मंडळीकडं असलं पाहिजे. मेंढपाळानं कळपाकडं पाठ करून कसं उठावं? आधीचे दोन्ही पाळक तसेच निजले होते.

"जरा थांब बे," म्हणत मंडळीचे पंच अर्जुनराव खुर्चीवरून उठले आणि बाईंसमोर येऊन खाली बसले. "बाई, काऊन असं? साहेब पाळक होते आमचे."

"होते. आता सुटले."

"सुटले कसे? खरं काम तं त्याच दिवशी हाये त्याइचं."

अंगणात मांडवाखाली माणसं हळू आवाजात साहेबांच्या आठवणी काढत होती. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण इथं कुणाला वाढवून सांगायची गरज नव्हती. न्यायाच्या दिवसावर साहेब बोलायला लागले की मागच्या बाकावरच्या पोरांचे मोबाईल खिशात जायचे. अलीकडं मात्र ते थकले होते. गेल्या ईस्टरला, प्रभू मेलेल्यांतून उठला त्या सणाला, घसा बसला म्हणून त्यांनी उपदेश दुसऱ्याला दिला, आणि त्याच दुपारी ओट्यावर बसून गोविंदाशी सोयाबीनच्या भावावर तासभर वाद घातला. मयतीतही आताशा ते प्रार्थनेपुरतं बोलायचे, नंतर घरच्यांचा हात धरून नुसते बसून राहायचे. वयानं माणूस हळवा होतो, असं लोक म्हणत.

"मायी छकुली गेली तवा मी विहिरीकडं निघालो होतो, बाई," अर्जुनराव म्हणाले. "साहेबानं धरून आणलं. म्हणे, अर्जुन, त्या दिवशी मी सोता तिले तुया हाती देईन. त्या एका शब्दावर जगून राह्यलो मी. अन् ते आमच्याकडं पाठ करून उठतीन? मी कोनाकडं पाहू मंग?"

सुभद्राबाईंना त्या माणसाची फार दया आली.

"जलमभर ते तुमचेच होते, अर्जुनराव. जेवाले बसले का कोनी तरी दारात यायचं, अन् हे हात धुऊन चालले. नाताळच्या दिवशीसुद्धा मी एकटी जेवली. कधी एक शब्द बोलली का? आता एवढं एकच मांगते. मलेही त्याइच्याच बाजूला ठेवा. त्या दिवशी तरी दोघं एकाच दिशेनं पाहू. तेवढं तरी मायं राहू द्या."

कोपऱ्यातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. अर्जुनराव गुडघ्यावर हात टेकून उठले.

"राहू दे गोविंदा," ते म्हणाले. "बाई म्हनतात तसंच कर."

चार वाजता साहेबांना नेलं. ऊन चांगलंच तापलं होतं. शवपेटी खड्ड्यात उतरवताना अर्जुनरावांनी स्वतः दोर धरला, पाय पूर्वेला आहेत ना ते वाकून पाहिलं आणि पहिली मूठभर माती टाकली.

संध्याकाळी माणसं पांगली. मांडववाला खुर्च्या घेऊन गेला. शेगावहून आलेली लेक योगिनी दोन कप चहा घेऊन आईजवळ बसली.

"आई, एक विचारू? बाबा घरी असले का तुमचं भांडणच राहे. आन् आज म्हणे एकाच दिशेनं पाहू. मले तं नवलच वाटलं तुयं."

"खोटं बोलली मी."

"म्हणजे?"

"ते त्याइचंच मांगणं होतं." सुभद्राबाईंनी चहा फुंकला. बोलण्याचाही त्यांना कंटाळा आला होता, पण हे एकटीनं सांभाळायचा त्याहून जास्त. "शेवटी शेवटी मले म्हणे, सुभद्रा, मंडळीकडं तोंड करून ठेवू नको मले. मेलेले उठतीन, मेलेले उठतीन, असं जलमभर सांगत राह्यलो मी लोकाइले. मले सोताले एक दिवसही खरं वाटलं नाही."

योगिनीनं कप खाली ठेवला.

"खरंच वाटत नव्हतं," ती म्हणाली, "तं मंग पाय कुठं का असेनात! काय फरक पडत होता त्याइले?"

"मीही तेच विचारलं."

"मंग?"

"म्हणे, 'अन् उठले तं?'"