नाव विचारण्याची रीत

“तुझं नाव काय, असं विचारायचं नाही,” एंदांगबाई म्हणाल्या. “शेजारच्या पोराला विचारलंत तर चालेल. आपण भेटायला चाललोय त्या बाईंना नाही.”

“मग, तुमचं नाव काय?” लिस्बेटने विचारलं.

“तेही कोरडंच. आमच्यात मोठ्या बाईला तू नाही आणि तुम्हीही नाही. सरळ इबू म्हणायचं. ‘माफ करा, इबूंचं नाव कळेल का?’ असं.”

“इबू म्हणजे आई ना?”

“आईच. पण भाजीवालीलाही इबू आणि बँकेतल्या बाईलाही इबू. मला नाही का म्हणत तुम्ही?”

लिस्बेट हसली नाही. वाक्य वहीत लिहून घेऊन ती ओठातल्या ओठात घोकत राहिली. गाडी डोंगर चढत होती. दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं लागली होती.

एंदांगबाई जोगजाकार्तात परदेशी लोकांना इंडोनेशियन भाषा शिकवत. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून शिकवणी चालू होती, पण सकाळी काय शिकवलं ते संध्याकाळी त्यांना आठवत नसे. जेवण व्हायचं, झोप लागायची, दिवस निघून जायचा. लिस्बेटने सोबत यायची गळ घातली, तेव्हा नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही, म्हणून त्या आल्या होत्या.

लिस्बेट त्रेचाळीस वर्षांची. रंगारूपाने जावातलीच, पण तान्ही असताना सेमारांगच्या एका प्रसूतिगृहातून हॉलंडला दत्तक गेलेली. तिच्या कागदांवर आईचं आणि गावाचं नाव होतं. तेवढ्यावरून एंदांगबाईंनी गावच्या सरपंचांमार्फत चार ओळींचं पत्र पाठवलं होतं : तुमचं मूल हॉलंडमध्ये सुखरूप आहे, तुम्हाला भेटू इच्छितं, येऊ दे का? आठवड्यात उलट निरोप आला, येऊ दे.

“नाव तर तुम्हाला ठाऊकच आहे,” एंदांगबाई म्हणाल्या. “विचारायचं कशाला?”

“वाचलंय,” लिस्बेट म्हणाली. “ऐकलं नाही.”

म्हातारी दारातच उभी होती. जपून ठेवलेलं निळं पोलकं, केस चापून बांधलेले. लिस्बेट उतरली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून मागे गाडीकडे पाहिलं. ड्रायव्हर खाली उतरला तशी ती एक पाऊल पुढे सरकली.

“मी नुसता ड्रायव्हर, आजी,” तो म्हणाला आणि सिगारेट पेटवायला कडेला गेला.

“आणखी कुणी आलंय?” म्हातारीने जावानीजमध्ये विचारलं.

“नाही, एवढ्याच,” एंदांगबाई म्हणाल्या.

शेजारीण सूपी कुंपणावरून डोकावत होती. “अगं बये, नाक बघा नाक! साच्यातून काढल्यासारखं! बघत काय राहिलीस, आत घे की तिला!”

तिघी आत चटईवर बसल्या. म्हातारीने उकडलेल्या शेंगा आणि गोडमिट्ट चहा पुढे ठेवला. मग लिस्बेट गुडघ्यांवर पुढे सरकली, शिकवलं होतं तशी मान लववली आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, “माफ करा. इबूंचं नाव कळेल का?”

म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. खेड्यातली बाई, तिला इंडोनेशियन समजलं नसेल, असं वाटून एंदांगबाईंनी तेच जावानीजमध्ये सांगितलं.

“समजलं मला,” म्हातारी म्हणाली. खांद्यावरच्या कापडाच्या टोकाने तिने न सांडलेला चहा पुसला. मग म्हणाली, “तुमिराह.”

लिस्बेटने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडली. म्हातारी रडली नाही. आधी तिचे हात चटईवरच होते. मग एक हात उचलून तिने लिस्बेटच्या केसांवर ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

“त्यांना विचारा, माझं काय काय आठवतं,” लिस्बेट म्हणाली.

एंदांगबाईंनी विचारलं.

“मी दिलं तेव्हा तीन दिवसांचं होतं,” म्हातारी म्हणाली. “रडत नव्हतं. बोट धरलं होतं माझं. नर्सने सोडवलं.”

एंदांगबाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. सांगताना आपला आवाज सपाट येतोय हे त्यांना कळत होतं. पूर्वी असल्या जागी त्यांचे डोळे भरून आले असते. आता त्या शेंगांची सालं एका बाजूला गोळा करत होत्या.

दुपारपर्यंत गप्पा झाल्या. लिस्बेटने आपल्या दोन्ही मुलींचे फोटो दाखवले. म्हातारीने एकेक फोटो लांब धरून पाहिला, नावं विचारली, उच्चार जमेनात तेव्हा परत विचारली. सूपीने कुंपणावरूनच दोघींचा फोटो काढला. निघताना लिस्बेट म्हणाली, “रविवारी परत येईन, इबू.” आणि डोळे पुसत गाडीकडे गेली.

एंदांगबाई चपला घालत होत्या. म्हातारीने त्यांचं मनगट धरलं.

“खरंच येईल ती?”

“येईल. बोलली की करते ती.”

“येऊ द्या. भात करीन. तिखट कमी टाकीन.” मनगट तिने सोडलं नाही. “एवढ्या मानाने विचारलं हो तिने. मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.”

“मग आज बरं वाटलं असेल.”

म्हातारीने गाडीकडे पाहिलं. लिस्बेट खिडकीतून हात हलवत होती. म्हातारीनेही हलवला.

“तिला सांगू नका, बाई,” हात हलवत ठेवूनच ती म्हणाली. “मी दिला तो मुलगा होता.”