दोन बोटं जास्त

सव गावातल्या आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, म्हणून मी गच्चीवर काचेची पेटी बसवली. आत विहिरीचं पाणी भरायचं. उन्हानं त्याची वाफ होते, काचेवर थेंब धरतात आणि घसरून बाटलीत जमतात. माझं बघून धाकट्या जावेनं, मानसीनं, शेजारीच तशी पेटी केली. मी एमएस्सी, शाळेत शिकवते; ती बारावी. पण रोज संध्याकाळी तिची बाटली माझ्याहून दोन बोटं जास्त भरलेली असायची. मला जेवण जात नसे.

जिचं पाणी जास्त, तिच्या पेटीसारख्या दहा पेट्या बचत गट करणार होता. मानसी वरून पाणी ओतते, याची मला खात्री होती. गटाच्या बायकांसमोर मी शाळेतलं क्षार मोजायचं यंत्र दोन्ही बाटल्यांत बुडवलं; विहिरीचं पाणी मिसळलेलं असेल तर आकडा चढणार होता. तिचा आकडा आठ आला. माझा दोनशे चाळीस.

सासूबाईंनी मला बाजूला घेतलं.


"तू जेवत नव्हतीस गो, म्हणून तुझ्या बाटलीत रोज पेलाभर विहिरीचं मीच ओतायची, पण मानसीच्या वर नाय जाऊ दिलं, तीपण माझी सूनच हाय."