जांभळाचा डाग

"आरसा झाक आधी," आलिंग पुरिंग म्हणाली.

निंगने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उलट तिने आरसा आणखी जवळ ओढला, थेट मारिविकच्या नाकासमोर.

"आई, आरशाशिवाय मेकअप होतो का कधी?" मारिविक म्हणाली.

"पोटात पोर आणि असला डाग रोज बघत बसायचा? डोहाळ्यात नजर जिथे अडकते, ते पोराच्या तोंडावर उतरतं. हिच्या आईने काय केलं? जांभळं खात सुटली. बघ आता." आलिंग पुरिंगने ओठांचा चंबू करून निंगकडे दाखवलं.

निंगचा उजवा गाल डोळ्यापासून जबड्यापर्यंत जांभळा होता, जन्मापासून. त्या गालामुळेच तिला मारिविकच्या गालावर डाग रंगवायचं हे काम मिळालं होतं. सिनेमात मारिविक जी शापित मुलगी होती, तिच्या तोंडावर अगदी असाच डाग होता. ज्या दिवशी त्या मुलीला स्वतःचं तोंड आवडेल, त्या दिवशी डाग जाणार. तोवर पाव विकणारा एक वेंधळा पोरगा तिच्या मागे मागे सायकल दामटणार आणि गटारात पडणार. शेवटी गाणं, लग्न, स्वच्छ गाल. मनिलाची थिएटरं हसून हसून रडणार होती.

मारिविक पोटुशी आहे हे सेटवर कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते तिच्या आईला, आणि सकाळी तिच्या ओकाऱ्या ऐकणाऱ्या निंगला.

"चल जांभळे, कर सुरू. आणि हात गरम कर आधी, बेडकासारखा गार असतो तुझा."

जांभळी. हे नावही मारिविकनेच ठेवलेलं. दोघी एकाच गावच्या, एकाच शाळेतल्या. मे महिन्याच्या मिरवणुकीत राणी म्हणून त्या वर्षी निंगला निवडलं होतं. फादर म्हणाले होते, या मुलीचं हसू राणीचं आहे. मुकुट आपल्यालाच मिळणार म्हणून मारिविकने गाऊनसुद्धा शिवून घेतला होता. ती भर अंगणात ओरडली, "राणी कुठली? ही तर जांभळी!" सगळी पोरं हसली. मग मोठी माणसंही हसली. मिरवणुकीत मारिविक फुलांच्या कमानीखालून चालली, आणि निंग सगळ्यांच्या शेवटी, दिव्यांचा जनरेटर ढकलणाऱ्या माणसांबरोबर, धूर खात.

लहानपणी निंग हसली की डागात खळगा पडायचा, आणि तिची आई त्यात बोट टेकवायची. "इथली बी कुणी काढून नेली गं जांभळाची!" त्या मिरवणुकीनंतर आईचं बोट तिथे टेकलं नाही. निंग हसलीच नाही.

आता ती कुंचला सावकाश फिरवायची. एक थर, मग दुसरा. काम लवकर होण्यासारखं असलं तरी लवकर करायची नाही.

"मॅडम, हलू नका. समोर बघा. आरशात."

मारिविक बघायची. मांडीवर मिठात घोळवलेल्या जांभळांचा वाडगा असायचा. एक एक तोंडात टाकत ती आरशात एकटक बघत राहायची. बघ, निंग मनात म्हणायची. नीट बघ. तुझ्या लेकीलाही एक दिवस जनरेटरमागे चालू दे.

"जांभळे, तू हसत का नाहीस गं?"

"कामात हसायचं काय, मॅडम?"

"सुतकातल्यासारखं तोंड करून माझं थोबाड रंगवतेस. बरं, हे ऐक. तो पाववाला हिरो आज खरंच गटारात पडला. वर आला तेव्हा त्याच्या विगवर बेडूक!"

निंग हसली नाही. मारिविक रोज काहीतरी नवीन काढायची. टोमणा, नक्कल, चावट विनोद. डिवचते आहे, निंगला वाटायचं. अजून पोट भरलं नाही हिचं.

एका सकाळी मात्र रंग लावता लावता तिच्या डोळ्यांसमोर ते बाळ आलं. लेसच्या झबल्यातलं, गोरंपान, आणि अर्धं तोंड जांभळं. आलिंग पुरिंग छाती पिटते आहे. निंगला हसू फुटलं. चांगलं दात दिसेपर्यंत.

मारिविकच्या हातातलं जांभूळ तसंच राहिलं. ती आरशात बघत राहिली. पापणीसुद्धा हलली नाही.

बसला, निंगला वाटलं. डाग बसला.

सिनेमा चालला. मारिविकला मुलगी झाली. बाप्तिस्म्याचं बोलावणं आलं तेव्हा निंगने नवा ब्लाउज शिवला आणि केस मागे घट्ट बांधले. गाल लपवला नाही. आज तो तिला मिरवायचा होता.

चर्चच्या दारात बाळाच्या तोंडावर लेस होती. निंग पार पुढे गेली. फादरनी पाणी घातलं, आलिंग पुरिंगने लेस बाजूला केली.

स्वच्छ गाल. दोन्ही. तीळसुद्धा नाही.

 इतके दिवस, इतके थर, सगळं फुकट. निंग वळली.

"निंग."

कित्येक वर्षांत मारिविकच्या तोंडून तिचं नाव आलं नव्हतं.

"पळतेस कुठे? घे तिला. सगळ्यांकडे रडते."

बाळ हातात आलं. त्याने डाग बघितला, हात लावून बघितला आणि खुदकन हसलं. उजव्या गालात खोल खळी पडली. बी काढून घेतल्यावर जांभळात राहते तशी.

"सगळं गाव हिच्या या खळीवर लट्टू आहे," आलिंग पुरिंग म्हणाली. "आमच्यात कुणाला नाही. जावयाकडेही नाही. देव जाणे कुठून आली."

मारिविकने बाळाची टोपी सारखी केली.

"आरसा इतका जवळ ओढायचीस तू," ती हळूच म्हणाली. "त्यात माझ्यामागे तू दिसायचीस."