काचेचं झाकण

ड्रायव्हरला पॉपकॉर्नचं भांडं काचेच्या झाकणाचंच हवं होतं, आणि ते का हवं हे बायकोला कळू द्यायचं नव्हतं. गेल्या वर्षभरात त्याला कमी कमी ऐकू यायला लागलं होतं. तो शाळेची बस चालवायचा. ही गोष्ट बाहेर फुटली की गाडी हातातून जाणार, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरी कोण देतो? म्हणून गडी समोरच्याच्या ओठांकडे बघून वेळ मारून नेत होता. आजवर निभावलं होतं.

"काच नको हो," बायको दुकानदाराला म्हणाली. "आमच्याकडे काच टिकत नाही. स्टीलचं दाखवा. घरी पॉपकॉर्न हेच करतात. आधी काय सुरेख करायचे! हल्ली दर वेळी करपतात. पातेल्यांत काही दम राहिला नाही."

बिचाऱ्या पातेल्यांचा यात काडीचाही दोष नव्हता. या आरोपाखाली दोन चांगली पातेली आधीच भंगारात गेली होती.

"काचेतून आत काय चाललंय ते दिसतं तरी," ड्रायव्हर म्हणाला.

"त्यात बघायचंय काय? तडतड थांबली की गॅस बंद."

दुकानदार हौशी होता. गल्ल्याच्या पलीकडे त्याने एक शेगडी मांडून ठेवली होती. तिच्यावर त्याने स्टीलचं भांडं चढवलं, तेल सोडलं, मूठभर मक्याचे दाणे टाकले आणि वर फिरता दांडा असलेलं झाकण बसवलं. "साहेब, तुम्हीच फिरवून बघा. हात थांबवायचा नाही. आवाज विरळ झाला की लगेच बंद करायचं."

ड्रायव्हरला हे नको होतं. पण नाही म्हणायला कारण काय सांगणार? त्याने दांडा धरला आणि फिरवायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने त्याच्या तळहाताला एक बारीक टिचकी बसली. मग दुसरी. मग एकदम कितीतरी. दाणे झाकणावर आपटत होते आणि दांड्यातून ते हाताला कळत होतं. ड्रायव्हरला इतकं बरं वाटलं की बायकोकडे बघून तो चक्क हसला. तीही हसली आणि मागच्या फळीवरच्या कढया बघायला वळली.

मग भांडं भरत आलं आणि दांडा जड झाला. आता तो स्वतःच थरथरायला लागला. त्यातला दाण्यांचा धक्का कुठला आणि दांड्याचा कुठला, काही कळेना. त्याने घाईघाईने दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार खाली वाकून खोका शोधत होता. ड्रायव्हर फिरवत राहिला.

"झाले की," बायको मागून म्हणाली.

तो फिरवत राहिला.

"अहो, थांबली तडतड. बंद करा."

करपल्याचा वास सुटला. बायकोने रागवायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कढई खाली ठेवून ती पुढे आली, अगदी त्याच्या कानाशी, आणि हळूच म्हणाली, "ऐकताय ना?"

तो मन लावून दांडा फिरवत होता. तिने मागून हात लांब केला आणि गॅस बंद केला.

ड्रायव्हर दचकून वळला. तिचा चेहरा बघितल्यावर त्याला काही विचारावं लागलं नाही.

दुकानदाराने झाकण उचललं तसा धूर वर आला. "पहिल्यांदा होतं असं," तो समजूत घालत म्हणाला. "मग काचेचं घ्या ना. आतलं सगळं दिसतं."

"काचेचंच बांधा," बायको म्हणाली.

ड्रायव्हरने ते तिच्या ओठांवर वाचलं आणि त्याच्या जिवात जीव आला. हिने सांभाळून घेतलं, असं त्याला वाटलं.

मग ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, उजेडात, ओठ नीट दिसतील अशी.

"घरी काचेतून बघून कराल," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "बसमध्ये पोरं तुमच्या पाठीमागे बसतात."