घोणशीचा फुत्कार

वहिनीचा फोन आला तेव्हाच मी बजावलं होतं, "वहिनी, शहाणपणा करून काठी उचलू नका. सापावर नजर ठेवा आणि हळूहळू मागे सरका."

वॉशिंग मशीनमागे घोणस होती. अंगावर साखळीसारखे ठिपके आणि कुकरच्या वाफेसारखा लांबलचक फुत्कार. आकड्याच्या काठीने तिला पिशवीत घेतलं, गाठ मारली, पिशवी बाहेर गाडीतल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

आत आले तर फुत्कार चालूच.

"जोडीदार असेल," दादा म्हणाला.

"ते सिनेमात. पण हा आवाज थांबेपर्यंत मी इथून हलणार नाही."

मशीन ओढलं, मोरी पाहिली, कपाटं रिकामी केली. काही नाही. आवाज कुठून येतोय तेही कळेना.

"आता तिघांनीही श्वास रोखायचा," मी म्हणाले.

आम्ही श्वास रोखला. फुत्कार थांबला.

मी वहिनीला खूण केली. तिने श्वास सोडला. शांतता. मग दादाने सोडला. तरीही शांतता.

दादाने माझी काठी उचलली. माझ्यावर नजर ठेवून दोघंही हळूहळू मागे सरकू लागले.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.